ठोकेकाकांची फेरी

“खाली बघू नका. समोर बघा, नुसतं समोर,” कमरेचा पट्टा आवळता आवळता दोरवाली म्हणाली.

“समोरचं तेवढं दिसतंय,” ठोकेकाका म्हणाले.

मागे रांगेत उभी असलेली माणसं हसली. घाबरलेला म्हातारा विनोदाचा आधार घेतोय, असा त्या हसण्याचा सूर होता. मोबाइल उंच धरून चित्रण करणारा जावई हसला, मुलगी हसली, नात तर उड्याच मारत होती. हसली नाही ती एकटी त्यांची बायको. ती त्यांच्या डाव्या हाताला उभी होती. गेले काही महिने ती कुठेही त्यांच्या डाव्या हातालाच उभी राहायची.

दरीच्या या कड्यापासून पलीकडच्या कड्यापर्यंत पोलादी दोर ताणलेला होता. पट्ट्यात बसायचं, पाय उचलायचे, आणि वाळत घातलेल्या सदऱ्यासारखं लटकत पलीकडे जायचं. डोंगरमाथ्यावरच्या त्या गावी माणसं यासाठीच येत. दिवसा जीव टांगणीला लावायचा आणि संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून बसायचं. दोरवालीने कडी ओढून पाहिली, त्यांच्या हेल्मेटवर दोनदा टकटक केलं आणि सोडलं.

ठोकेकाकांना भीती वाटली नाही, आणि त्याचंच त्यांना नवल वाटलं. खाली झाडांचे टोकदार शेंडे सरकत होते, कानात वारा घुमत होता, आणि हातात स्टिअरिंग नव्हतं. पायाखाली ब्रेक नव्हता. वाटेत काही आडवं आलं असतं तरी चूक त्यांची नसती. कित्येक महिन्यांनी ते निव्वळ सामान झाले होते. आणि सामान असण्यात किती विसावा असतो, हे त्यांना त्या पोकळीत लोंबकळताना समजलं. पलीकडचा कडा जवळ आला तेव्हा त्यांच्या मनात आलं, हा दोर अजून लांब असायला हवा होता.

“पाय वर!” पलीकडचा माणूस ओरडला. त्यांनी पाय वर घेतले आणि अलगद उतरले.

त्यांच्यामागून जावई आला. त्यालाही पाय वर घ्यायला सांगितलं गेलं, पण त्याचा एक हात दोरीला होता, दुसरा मोबाइलला, आणि लक्ष सगळं मोबाइलमध्ये. फळीच्या कडेला बूट अडकला आणि घोटा मुरगळला. त्या चित्रणात मागाहून दिसलं ते असं: आकाश, मग एक बूट, मग पुन्हा आकाश, आणि कुणाचीतरी “आई गं!” अशी हाक.

संध्याकाळी गेस्ट हाऊसच्या बैठकीत जावयाचा पाय स्टुलावर ठेवलेला होता, वर जाडजूड बँडेज. हाड मोडलं नव्हतं. मात्र पाय टेकवायचा नाही, अशी गावातल्या डॉक्टरांची ताकीद होती.

“आता उद्या गाडी कोण चालवणार?” मुलगी म्हणाली. “मला सपाटीवर ठीक आहे. ही वळणं नाही बाई जमायची.”

“कोण म्हणजे? बाबा आहेत ना!” जावयाला आपल्या दुखण्यावर हा उतारा फार आवडला होता. “जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस घरात असताना काळजी कसली? उलट येताना मी चालवत होतो तेव्हा बाबांचेच हाल चालले होते. मागे बसून सारखा ब्रेक दाबत होते. बघा, गाडीच्या तळाला भोक पडलं असेल.”

“बाबांच्या गाडीत कुणाला उलटीसुद्धा होत नाही,” मुलगी म्हणाली.

“मला झोप येते,” नात म्हणाली. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे.

“तर मग ठरलं. बाबा, आणाल ना खाली?”

“आणीन की,” ठोकेकाका म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि मागाहून त्यांना तो ऐकू आला. बायकोने चहाचा कप बशीत ठेवला. तो ठेवताना जरा जास्तच वाजला.

त्यांना ठोकेकाका हे नाव मुलांनी दिलं होतं. शाळेच्या आवारात बस उभी असे. सगळी मुलं चढली, अटेंडंट मावशींनी दार ओढून घेतलं, तरी ते लगेच आपल्या जागेवर बसत नसत. बसला डाव्या हाताशी ठेवून ते पूर्ण फेरी मारत आणि फेरीभर पत्र्यावर तळहाताने ठोके देत जात. पुढचा बंपर, दारं, चाकं, मागची शिडी. बसखाली, चाकाआड, मागच्या कोपऱ्यात एखादं पोर चेंडूपाठी गेलेलं असेल तर त्याने ठोके ऐकून बाहेर यावं म्हणून. आतली मुलं त्या ठोक्यांबरोबर बाकांवर ताल धरत. ऊन असो, पाऊस असो, उशीर झालेला असो, ही फेरी चुकली नव्हती. आणि फेरीनंतर आरशात पाहून आतली डोकी मोजल्याशिवाय त्यांनी कधी गिअर टाकला नव्हता. नवे ड्रायव्हर त्यांची टिंगल करत. “काका, बसची मुंज लावताय की प्रदक्षिणा घालताय?” ते हसत आणि फेरी पूर्ण करत.

भिंगरीसाठी याच फेरीचा खेळ झाला होता. आजोबा गाडीभोवती निघाले की ती एखाद्या चाकापाशी उकिडवी बसायची. आजोबा ठोके देत यायचे, बॉनेटवर, दारावर, आणि मग तिच्या डोक्यावर अलगद हात टेकवून म्हणायचे, “अरेच्चा! या चाकाला केस कसे फुटले?” तो हात डोक्यावर पडेपर्यंत बोलायचं नाही, हसायचं नाही, हलायचं नाही. हा नियम तिचाच, आणि ती तो प्राणपणाने पाळायची.

डोळ्याचं लक्षात यायला वेळ लागला. शाळेच्या फाटकाच्या डाव्या खांबाला बस घासली तेव्हा त्यांनी खांबाला दोष दिला. घरी पाण्याचा तांब्या कोपर लागून पडला, तेव्हा तांब्या तिथे ठेवणाऱ्याला. मग एका सकाळी डावीकडून एक सायकलवाला शिव्या देत पुढे निघून गेला. तो कुठून उगवला, हे त्यांना कळलं नव्हतं.

सुट्टी लागल्यावर ते कुणाला न सांगता डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. तिथे त्यांना एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं. कडेला कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. पुष्कळ वेळ काहीच दिसेना, तेव्हा ते घाबरले आणि अंदाजाने बटण दाबत सुटले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काका, यंत्राला फसवून आपल्याला काय मिळणार?” काचबिंदू होता. डाव्या डोळ्याचं बरंचसं गेलेलं, उजव्याची कड झिजत चाललेली. गेलेलं परत येत नाही. उरलेलं जपायचं. “गाडी मात्र आता नको,” बाई म्हणाल्या.

अंधार दिसला असता तर त्यांनी मानलंही असतं. पण तिथे अंधार नव्हता, धुकं नव्हतं, पडदा नव्हता. तिथे काही नसायचंच. आणि जे नाही, ते नाही हे कळतही नसे. जग पहिल्यासारखंच भरलेलं दिसायचं, फक्त त्यातली माणसं कमी झालेली असायची. या गोष्टीची त्यांना जेवढी भीती वाटे, तेवढी पुढे कधीतरी येणाऱ्या ठार आंधळेपणाचीही वाटत नव्हती.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोने विचारलं नाही. मात्र पाण्याचा तांब्या उजवीकडे आला, चपला उजवीकडे आल्या, आणि रस्त्याने चालताना ती डावीकडे आली. काल दरीच्या कडेने जाणाऱ्या पायवाटेवर, दरी डाव्या अंगाला होती तेव्हा, ती त्यांच्या आणि दरीच्या मधून चालली होती. वाट एका माणसापुरतीच रुंद होती. तिचं अर्धं पाऊल गवतावर पडत होतं.

त्या संध्याकाळी खोलीत ती कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. एकाच सदऱ्याची घडी तिने दोनदा मोडून पुन्हा घातली.

“अजून दोन दिवस राहिलो तर?” ती म्हणाली. “तेवढ्यात पाय बरा होईल त्यांचा.”

“सोमवारी शाळा उघडतेय.”

“हो. शाळा उघडतेय.”

तिने ते नुसतं परत म्हटलं होतं, पण त्या तीन शब्दांत चाळीस मुलांची बस उभी होती. ठोकेकाका पलंगाच्या कडेवर बसले. खिडकीबाहेर डोंगराच्या कुशीतले दिवे एकेक करून लागत होते. निदान त्यांना एकेक करून दिसत होते.

“सकाळी धुकं असतं म्हणे,” ते म्हणाले.

“मी पुढे बसेन,” ती म्हणाली. “मला सवय आहे ना, हे बघा, ते बघा, अशी बडबड करायची. करीन बडबड.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत त्या एका गोष्टीच्या इतक्या जवळ ते दोघं कधी आले नव्हते. आता एकाने तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. “बॅगेत वर स्वेटर ठेवू का?” तिने विचारलं. “ठेव,” ते म्हणाले.

सकाळी गेस्ट हाऊसचं आवार धुक्याने भरलेलं होतं. गाडी तोंड भिंतीकडे करून उभी होती. ती मागे घेऊन वळवायची आणि फाटकाबाहेर काढायची होती. फाटकापुढे रस्ता लगेच उताराला लागत होता. त्याची दोन-तीन वळणं काल वरून दिसली होती. दोरी हातातून सुटून खाली पडावी तशी ती डोंगरावर पडलेली होती. आज काहीच दिसत नव्हतं.

सामान भरण्यात मुलगी घाईत होती. जावयाला मागच्या आसनावर बसवलं, त्याचा पाय उशीवर ठेवला, उशी मुलीच्या मांडीवर येणार होती. बॅगा डिकीत मावल्या नाहीत म्हणून एक मध्ये उभी राहिली. बायको पुढे डावीकडे बसली. काचा धुक्याने आतून-बाहेरून पांढऱ्या झाल्या होत्या.

ठोकेकाकांनी किल्ली मुठीत घट्ट मिटून घेतली. त्यांनी स्वतःला सांगितलं: हळू जायचं. दुसऱ्या गिअरवर. ती बडबड करील. दोन-तीन तासांचा प्रश्न. मग किल्ली जावयाच्या हातात देऊन टाकायची आणि पुन्हा कधी… त्या ‘पुन्हा कधी’च्या पुढे सोमवार होता, म्हणून त्यांनी तो विचार सोडला.

आणि सवयीने फेरी सुरू केली.

उजव्या दारापासून ते पुढे निघाले, गाडी डाव्या हाताशी ठेवून. दिव्यावर ठोका. बॉनेटवर दोन. थंड पत्र्यावरचं दव तळहाताला लागत होतं आणि त्याने त्यांना जरा बरं वाटलं. हे एवढं तरी त्यांचं होतं. हे काम डोळ्यांचं नव्हतं, हातांचं होतं, इतक्या वर्षांचं होतं. डाव्या दारावर ठोका. आतून बायकोने काचेवर बोटं टेकवली. मागच्या दारावर ठोका. मागच्या चाकावर, वरच्या पत्र्यावर. डिकीवर दोन. फेरी पुरी झाली. सगळं ठीक होतं. ते आत बसले.

इंजिन सुरू झालं. रिव्हर्स टाकला. पाय क्लचवरून सुटू लागला, गाडीने अंग हलवलं, जराशी मागे सरली, आणि त्यांची नजर सवयीप्रमाणे आरशात गेली.

डोकी कमी होती.

जावयाचं डोकं. मुलीचं डोकं. मधली बॅग. त्यांनी ब्रेक इतक्या जोरात दाबला की जावई कळवळला.

“भिंगरी कुठाय?”

“पुढे आहे ना, आईच्या मांडीवर,” मुलगी म्हणाली.

“माझ्याकडे कुठे?” बायको म्हणाली. “मागे बसली ना ती? बॅगेपलीकडे?”

मग मुलगी किंचाळली.

ठोकेकाकांनी इंजिन बंद करून किल्ली काढली. हँडब्रेक ओढला. ही दोन कामं त्यांच्या हातांनी नीट केली. दार उघडून ते कसेबसे उतरले. “भिंगरे!” मुलगी पलीकडून उतरून फाटकाकडे धावली, पोरगी बाहेर रस्त्यावर गेली असणार, असं तिला वाटलं होतं. तिची हाक धुक्यात कुठेतरी जाऊन विझली. उत्तर आलं नाही.

ठोकेकाका गाडीभोवती फिरले. वाकले. काही नव्हतं. चाक होतं, माती होती, धुकं होतं. त्यांना दिसणाऱ्या जगात भिंगरी कुठेच नव्हती. आणि आता त्यांना पक्कं ठाऊक होतं की त्या जगावर विश्वास ठेवायचा नाही. जिथे काही नाही, तिथेच ती असणार. मग त्यांनी हात उचलला आणि पत्र्यावर दोन ठोके दिले.

मागच्या डाव्या चाकापासून, अगदी खालून, दोन ठोके परत आले.

ते गुडघ्यांवर बसले आणि हात पुढे करून चाचपडत गेले. थंड रबर. ओली माती. लोकर. लोकरीखाली एक गरम, गोल डोकं.

“या चाकाला,” ते म्हणाले, आणि हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला.

“किती वेळ लावलात!” भिंगरी खिदळत म्हणाली. तिने आजीची करडी शाल डोक्यावरून गुंडाळून घेतली होती. “मगाशी तुम्ही माझ्यावरून हात नेलात आणि पुढे गेलात. माझ्याकडे बघितलंतसुद्धा. मी हसूपण दाबलं.”

त्यांनी तिला बाहेर ओढलं. ती आली, पण शाल येईना. शालीचं एक टोक चाकाखाली गेलं होतं, चांगलं हातभर. त्यांनी ते ओढलं, पुन्हा ओढलं. टोक निघालं नाही. गाडीचं सगळं वजन त्या टोकावर शांतपणे उभं होतं.

चाकापाशी बसलं की आजोबांचा हात येतो, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. जगातली सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून त्यांनीच तिला ती दाखवली होती.

मुलगी धावत आली आणि पोरीला छातीशी धरून रडायला लागली. मग तिने पोरीच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग पुन्हा छातीशी धरलं. जावई दाराला धरून एका पायावर उभा होता, पांढराफटक. सगळ्यात आधी तोच सावरला. तो मुळात भला माणूस होता.

“शाल करडी, धुकं करडं,” तो म्हणाला. “कुणालाच दिसली नसती, बाबा. मला तरी कुठे दिसली असती? आणि ही बया बोलत नाही! बाबांनी डोकी मोजली म्हणून… दुसरा कुणी असता तर गाडी घेऊन मोकळा झाला असता. चला, देवाची कृपा. आता पाणी प्या आणि निघू हळूहळू.”

ते पुरेसं होतं. दार उघडून दिलं होतं, फक्त आत शिरायचं होतं. मुलीने डोळे पुसत मान हलवली, तिलाही ते पटलं होतं. धुक्याची चूक. शालीची चूक. खांबाची, तांब्याची, सायकलवाल्याची. ठोकेकाकांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्या डावीकडे उभी नव्हती. या वेळी ती समोर येऊन उभी राहिली होती, जिथे ती त्यांना पूर्ण दिसेल.

“मला डावीकडचं दिसत नाही,” ते म्हणाले.

“धुक्यात कसं दिसेल?” जावई म्हणाला.

“धुक्यात नाही. कधीच दिसत नाही. काचबिंदू आहे. डॉक्टरांनी गाडीला बंदी केलीय.” शब्द दगडांसारखे एकेक बाहेर येत होते, आणि प्रत्येकामागे छातीत जागा रिकामी होत होती. “हात डोक्यावरून गेला माझा. मला ती दिसली नाही.”

“कधीपासून?” मुलीने विचारलं. आवाज अगदी खाली होता.

“माहीत झालं सुट्टी लागल्यावर. होतं त्याच्या आधीपासून.”

“आधीपासून म्हणजे? शाळा चालू होती तेव्हा?”

त्यांनी मान हलवली. फाटकाचा डावा खांब त्यांच्या डोळ्यांसमोर आला. बस डावीकडेच थांबते. मुलं डावीकडूनच चढतात. मावशी होत्या म्हणून. केवळ मावशी होत्या म्हणून.

“आणि काल तुम्ही ‘आणीन की’ म्हणालात?”

“मलाही ठाऊक होतं,” बायको म्हणाली. “त्यांनी सांगितलं नव्हतं, तरी होतं. म्हटलं, मी पुढे बसेन. डावीकडे काय आहे ते सांगत राहीन.”

“आई! डोळे काय उसने देता येतात?”

“द्यायचे म्हटलं तर वाटतं, येतील,” ती म्हणाली, आणि शालीच्या दिसणाऱ्या भागावरची माती उगाचच झटकत बसली.

वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली, आणि रेडिओवर आज हवा छान असल्याचं कुणीतरी उत्साहाने सांगत होतं. भिंगरी एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. खेळात कोण हरलं, हे तिला समजत नव्हतं.

ठोकेकाकांनी मूठ उघडली. किल्लीचे दात तळहातावर उमटले होते. त्यांनी किल्ली मुलीपुढे धरली.

“मला घाट नाही हो जमणार, बाबा. खरंच नाही.”

“तुला गाडी कुणी शिकवली?”

“तुम्हीच.”

“मग? दुसऱ्या गिअरवर उतर. ब्रेकवर पाय ठेवून झोपू नकोस. वळणाआधी हॉर्न दे, आणि कुणाला घाई असेल तर त्याला जाऊ दे पुढे. आपल्याला घाई नाही.” जरा वेळाने ते म्हणाले, “धुकं निवळेपर्यंत थांबू. चहा घेऊ. मी शाळेत फोन करतो. सोमवारपर्यंत त्यांना माणूस शोधायला हवा.”

फोन त्यांनी आवाराच्या टोकाला जाऊन केला. फार वेळ लागला नाही. परत आले तेव्हा चहा निवला होता, तसाच त्यांनी प्यायला. कप बायकोने उजवीकडे ठेवला होता.

ऊन आलं तेव्हा मुलीने गाडी आधी जराशी पुढे घेतली. शाल मोकळी झाली. तिच्यावर चाकाची नक्षी अशी स्वच्छ उमटली होती, की विणतानाच घातल्यासारखी वाटावी. बायकोने ती झटकली नाही. घडी करून पिशवीत तळाला ठेवली.

सगळे बसले. ठोकेकाका पुढे, डावीकडच्या आसनावर. तिथून त्यांना स्टिअरिंग दिसत होतं, मुलीचे त्यावर घट्ट रुतलेले हात दिसत होते. आपल्या बाजूची खिडकी दिसत नव्हती.

“थांब,” त्यांच्या तोंडून गेलं. “फेरी राहिली.”

मुलीने दाराकडे हात नेला, पण त्याआधीच भिंगरी बाहेर उडी मारून उभी होती. “मी मारते. मला येते. तुम्ही सगळे आत बसा, आणि हसायचं नाही.”

जावई पुन्हा एका पायावर, दार धरून, बाहेर उभा राहिला आणि तिच्यावरून नजर न हटवता म्हणाला, “हं, कर सुरू.”

छोट्या तळहाताचे ठोके सुरू झाले. उजव्या दारावर. दिव्यावर. बॉनेटवर तिचा हात नीट पोचेना, म्हणून तिथला आवाज हलका आला. ठोकेकाका मान सरळ ठेवून ऐकत होते. इतकी वर्षं हा आवाज त्यांनी केला होता. आत बसून तो कसा ऐकू येतो, हे त्यांना माहीत नव्हतं. आवाज पुढून वळला, त्यांच्या बाजूला आला, आणि ज्या जागी काहीच नव्हतं त्या जागी येऊन थांबला.

टक टक.

त्यांनी हात उचलला, बोटांनी काच शोधली, आणि आतून दोन ठोके दिले.

“आजोबा सापडले!” काचेपलीकडून आवाज आला, आणि ठोके पुढे मागच्या चाकाकडे गेले.

दारं लागली. इंजिन सुरू झालं. ठोकेकाकांनी उजवा पाय मागे ओढून घेतला आणि डाव्या पायाजवळ ठेवला. शेजारी मुलीने आरशात पाहिलं. तिचे ओठ हलले. तिने डोकी मोजली, पुन्हा पहिल्यापासून मोजली, आणि मगच गिअर टाकला.